टेम्पो ट्रॅव्हलर मोटरहोम : जाम झालेल्या डिकीच्या लॅचच्या नोंदी

गाडी : टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेलं मोटरहोम, मुक्काम रत्नागिरी, समुद्रापासून दीड किलोमीटरवर. पावसाळाभर उघड्यावर उभी होती.

बिघाड : डाव्या बाजूची, मागच्या चाकापाठीमागची खालची डिकी उघडत नाही.

दरवाजाची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. माप ९०० × ४५० मि.मी. तीन बाजूंना २५ मि.मी. चौकोनी लोखंडी पाइप आणि खालची कड मात्र लोखंडी पत्रा दुमडून केलेली पन्हळ. बाहेरून २ मि.मी. ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून १ मि.मी.चं अस्तर. वर सलग पियानो बिजागरी, दरवाजा वर तोलून धरणारे दोन गॅस शॉक, मध्ये खोलगट बसवलेलं, बोटांनी वर उचलायचं पॅडल हँडल, आणि खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पन्हळीच्या आत एकेक रोटरी लॅच. हँडलपासून दोन्ही लॅचना ५ मि.मी.चे रॉड जोडलेले. बसच्या सामानाच्या डिकीलाही बहुतेक वेळा अशीच रचना असते, त्यामुळे या नोंदी तिथेही चालतील.

२० सप्टेंबर २०२५

कशालाही हात लावण्याआधी गाडी पाणसळीत आणली. मागच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळा होता. एकाच कोपऱ्यावर उचललेल्या गाडीची बॉडी थोडी पिळवटते, डिकीची चौकट गुण्यात (काटकोनात) राहत नाही आणि चांगला लॅचसुद्धा अडकतो. ठोकळा काढल्यावर दरवाजाभोवतीची फट सगळीकडे ४ ते ५ मि.मी. झाली, आधी मागच्या कोपऱ्यात ती ३ मि.मी. होती. दरवाजा तरीही उघडला नाही. पण ही पायरी फुकट आहे, आणि पुष्कळ डिक्या एवढ्यानेच उघडतात.

मग हँडल हातात कसं लागतं ते पाहिलं. दोषाचं निम्म्याहून अधिक निदान इथेच होतं. हँडल पूर्ण वर येतं आणि अजिबात ताण लागत नाही, तर रॉड सुटलाय किंवा क्लिप तुटलीय. हँडल थोडं वर येऊन दगडासारखं थांबतं, तर लॅच गंजलाय किंवा कुलूप पूर्ण फिरलेलं नाही. हँडल ताणासकट पूर्ण येतं, एक कोपरा सुटतो आणि दुसरा नाही, तर दोष न सुटलेल्या कोपऱ्यातच आहे. काही पॅडल हँडल कुलूपबंद असतानाही रिकामी वर येतात, म्हणून किल्ली दोन्ही टोकांपर्यंत फिरवून खात्री करून घ्यावी.

इथे तिसरा प्रकार होता. पुढचा, म्हणजे चाकाजवळचा कोपरा ८ मि.मी. बाहेर आला. मागचा जागचा हलेना. तळव्याने दाबलं की पुढचा कोपरा लवतो, मागचा अजिबात नाही.

सुटलेला कोपरा धरून दरवाजा ओढण्याचा मोह इथे होतोच. ओढू नये. दरवाजा तिरपा होतो आणि अडकलेल्या लॅचवरचा ताण आणखी वाढतो. उलट पुढचा कोपरा परत दाबून बंद केला आणि मगच पुढचं काम हाती घेतलं.

२१ सप्टेंबर

रोटरी लॅचमध्ये इंग्रजी सी अक्षरासारखा एक रोटर असतो. तो गाडीच्या चौकटीवरच्या स्ट्रायकर पिनला मिठी मारतो, आणि एक छोटा अडसर त्या रोटरला फिरू देत नाही. हँडल ओढलं की अडसर बाजूला होतो. दरवाजाचं रबर आतून बाहेर ढकलत असतं, तो सगळा जोर रोटरमार्फत अडसरावर येतो. म्हणून पहिला उपाय जोर काढून घेण्याचा : एकाने मागच्या कोपऱ्यावर दुमडलेलं पोतं ठेवून गुडघ्याने दरवाजा आत दाबायचा, दुसऱ्याने हँडल सावकाश उचलून धरायचं. हँडल उचललेलं असतानाच तिसऱ्याने रबरी हातोडीने लॅचच्या जागी हलके टोले द्यायचे. किरकोळ अडकलेला दरवाजा याने बहुतेक वेळा सुटतो. आपला सुटला नाही, म्हणजे अडसर स्वतःच गंजलाय हे समजलं.

डब्ल्यूडी-४० फटीतून मारून पाहिलं. निष्फळ. लॅच पन्हळीत असतो, फट आणि लॅच यांच्यामध्ये रबर येतं, त्यामुळे फवारा रबरावरच पडतो. वरच्या फटीतून मारला तर बिजागरीला तेल मिळतं, एवढंच.

हॅकसॉ ब्लेडचा तुकडा फटीतून सरकवून अडसर ढकलण्याचा प्रयत्नही वाया गेला. ब्लेड रोटरपर्यंत पोहोचतं. अडसर लॅचच्या दोन पट्ट्यांच्या मधे झाकलेला असतो, आणि अडसर धरून असताना रोटर कितीही ढकलला तरी फिरत नाही. साध्या जिभेच्या कडीला ही युक्ती लागू पडते, रोटरी लॅचला नाही. यात रंगावर दोन चरे उमटले. करायचंच असेल तर कडेला मास्किंग टेपचे दोन थर लावून करा.

पहार किंवा जाड स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं विचारात घेतलंच नाही. २ मि.मी. ॲल्युमिनियमची कड एकदा वाकली की ती पूर्ववत सरळ होत नाही, आणि तिथून पुढे पाणी येत राहतं. लॅच बाराशेत मिळतात, दरवाजा नाही.

२३ सप्टेंबर

हँडल काढून आत पोहोचायचं ठरलं. आधी दोन गोष्टी. गाडीतल्या राहत्या भागाच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कारण डिकीत दिव्याची वायर आहे. आणि या डिकीत गॅस सिलिंडर नाही हे पक्कं आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खालच्या कप्प्यात साचून राहतो. सिलिंडरच्या डिकीवर ड्रिल मशीन चालवू नका. तिथे सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद होईल असा दुसरा मार्ग आधी शोधा.

हँडलच्या चौकटीला ४.८ मि.मी.चे चार पॉप रिव्हेट होते. प्रत्येकाच्या मधल्या खिळ्यावर सेंटर पंच ठेवून तो आत ठोकला, मग ५ मि.मी. ड्रिल बिटने डोकं उडवलं. बिटवर टोकापासून ६ मि.मी.वर टेप गुंडाळला, जेणेकरून तो आत घुसून रॉडला लागणार नाही. दोन रिव्हेट ड्रिलबरोबर गोल फिरू लागले, कापले जाईनात. यावर उपाय म्हणजे चौकटीखाली पुट्टी लावायची पातळ पट्टी सारून रिव्हेटवर ताण आणायचा. तेवढ्याने तो धरला जातो.

हँडल निघाल्यावर साधारण १०० × १२० मि.मी.ची खिडकी मिळाली. टॉर्चने पाहिलं : मागच्या रॉडची वरची क्लिप शाबूत, खालची नायलॉनची क्लिप अर्धी तडकलेली. रॉड हाताने ओढला तर क्लिप पसरते आणि लॅचचा लिव्हर जेमतेम ४ मि.मी. हलतो. पुढच्या लॅचचा लिव्हर ११ मि.मी. हलतो. म्हणजे रॉडवर आणखी जोर लावला असता तर क्लिप तुटली असती आणि हातातला शेवटचा धागाही गेला असता.

सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा केला आणि तो थेट लिव्हरमध्ये अडकवला. ३०० मि.मी. लांब पातळ नळी स्प्रेला जोडून गंज सोडवणारं तेल अडसराच्या पिनवर मारलं. या वेळी ते नेमकं जिथे हवं तिथे पोहोचलं. रात्रभर तसंच ठेवलं. लगेच ओढाओढ करण्यात अर्थ नसतो, तेल गंजात मुरायला तास लागतात.

२४ सप्टेंबर

सकाळी पुन्हा थोडं तेल मारलं, कोपरा गुडघ्याने आत दाबून आकडा ओढला. दरवाजा उघडला.

आता खरं कारण. अस्तर काढल्यावर पुढच्या लॅचवर चाकाने उडवलेल्या लाल चिखलाचा थर दिसला, आणि तो लॅच व्यवस्थित चालत होता. मागचा लॅच चिखलापासून दूर, वरून स्वच्छ, पण आतून गंजून गच्च. चिखलावर खापर फोडून मोकळं होणं सोपं होतं, पण पुरावा उलटा होता. अस्तराच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ होती, पन्हळीच्या तळापासून २ सें.मी.वर. गाडी चार महिने मागच्या बाजूला किंचित उतारावर उभी होती, म्हणून पाणी मागच्या कोपऱ्यात साचलं. पन्हळीला निचऱ्याचं एकही भोक नव्हतं. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. अशा ठिकाणी बंद पन्हळीत लोखंडी लॅच ठेवणं म्हणजे तो पाण्यात बुडवून ठेवणं.

पाणी आलं कुठून? हँडलमागे गॅस्केटच नव्हतं, नुसतं सिलिकॉन लावलेलं होतं. तेही व्हिनेगरचा वास येणारं. असं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या धातूला गंजवतं. ते खरवडल्यावर खालचं लोखंड तांबूस निघालं. धातूवर लावायचं तर न्यूट्रल क्युअर (वाळताना असं ॲसिड न सोडणारं) लिहिलेलंच सिलिकॉन घ्यावं, किंवा पॉलियुरेथेन सीलंट.

तिसरी गोष्ट रबराची. डी आकाराच्या रबराची दोन टोकं मागच्या खालच्या कोपऱ्यात, नेमकी लॅचवर, एकमेकांवर चढवून चिकटवली होती. तिथे जाडी इतर ठिकाणापेक्षा ८ मि.मी. जास्त. म्हणजे याच लॅचच्या अडसरावर कायम दुप्पट ताण. नुसता लॅच बदलला असता तर पुढच्या गणपतीपर्यंत हेच दुखणं परत आलं असतं.

२७ सप्टेंबर

सुटे भाग कोल्हापूरहून मागवले. दोन रोटरी लॅच, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील), दोन टप्प्यांचे : १,२४० रु. पॅडल हँडल : ४८०. ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं) डी-रबर ३ मीटर (परीघ २.७ मीटर) : ३३०. ५ मि.मी. स्टीलचा रॉड आणि एम५चे (५ मि.मी. आट्यांचे) बॉल जॉइंट : ३१०. पॉलियुरेथेन सीलंट : ३९०. गंज-रूपांतरक आणि झिंक प्रायमर : ५२०. रिव्हेट, बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सैल न होणारे), नायलॉनचे वायसर : १८०. कुरियर १५०. एकूण ३,६०० रुपये.

लॅच मागवताना तीन मापं कळवा : बोल्टच्या भोकांमधलं अंतर, स्ट्रायकर पिनची जाडी आणि लॅचचा हात. डावा आणि उजवा लॅच वेगळा असतो. दोन्ही एकाच हाताचे आले तर एका बाजूचा लिव्हर रॉडच्या उलट दिशेला फिरतो आणि सगळी मांडणी बिघडते. जुने लॅच कागदावर ठेवून पेन्सिलने आकार काढून फोटो पाठवला, म्हणून चूक टळली.

२८ सप्टेंबर

पन्हळीचं काम, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारंही हेच. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढला, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. त्यावर फॉस्फरिक ॲसिडचा गंज-रूपांतरक. गंज काळा पडला की पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं.

भोकं रंगाच्या आधी पाडायची, नाहीतर कापलेली कड उघडी राहते. निचऱ्याची तीन भोकं : दोन टोकांना, एक मध्ये, प्रत्येकी ८ मि.मी. ४ मि.मी.चं भोक पुरेसं वाटतं, पण त्यात पाण्याचा थेंबच अडकून राहतो आणि चिखलाच्या एका खड्याने ते बुजतं. कानशीने कडा साफ केल्या.

याशिवाय प्रत्येक लॅचच्या लिव्हरच्या बरोबर खाली १२ मि.मी.चं एक भोक, त्यात रबरी बूच. दरवाजाची खालची कड गाडीखालून हाताला लागते, त्यामुळे पुन्हा कधी जाम झालं तर बूच काढून ४ मि.मी.ची सळई वर ढकलायची, लिव्हर सरकतो, हँडल फोडावं लागत नाही. यात एक तोटा आहे आणि तो आधीच माहीत असावा : कुलूप हँडलला अडवतं, लॅचला नाही. ज्याला हे भोक ठाऊक आहे तो किल्लीशिवाय डिकी उघडू शकतो. पाण्याचा पाइप, वायरचं रीळ, ठोकळे यांच्यासाठी ठीक. किमती सामानाच्या डिकीला हे करू नका.

झिंक प्रायमरचे दोन थर, मध्ये चार तासांचं अंतर, भोकांच्या कडांना ब्रशने जादा.

३० सप्टेंबर

लॅच एम६ × २० स्टेनलेस बोल्ट आणि नायलॉक नटने बसवले. पूर्वी तिथे ॲल्युमिनियमचे रिव्हेट होते. खाऱ्या हवेत मोठ्या स्टीलच्या पट्टीत छोटा ॲल्युमिनियमचा रिव्हेट ठेवला की तो रिव्हेटच झिजतो. जुन्यांभोवती जी पांढरी पूड सापडली ती हीच. हँडलच्या जागी मात्र उलटं : पत्रा ॲल्युमिनियमचा, म्हणून रिव्हेटही ॲल्युमिनियमचे चालतात, पण बंद टोकाचे घ्यावेत. साध्या पॉप रिव्हेटच्या मधल्या पोकळीतून पाणी झिरपतं. हँडलखाली ३ मि.मी. निओप्रिनचं गॅस्केट, त्याच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला सीलंट. खालची कड मोकळी ठेवली, चुकून पाणी शिरलंच तर त्याला वाट हवी.

रॉडच्या वरच्या टोकाला एम५ डायने आटे पाडून बॉल जॉइंट बसवले. स्टील आहे, तेव्हा कटिंग ऑइल घेऊन अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे असं करावं, नाहीतर आटे फाटतात. नायलॉन क्लिपांऐवजी खाली धातूच्या क्लिपा.

रबराची टोकं या वेळी खालच्या कडेच्या मध्यावर, दोन्ही लॅचपासून दूर, एकमेकांवर न चढवता काटकोनात कापून समोरासमोर जोडली. जोड वरच्या कडेला ठेवू नये, पावसाचं पाणी पहिलं तिथूनच उतरतं. गोंद धरायला चोवीस तास दिले.

१ ऑक्टोबर

जुळवणी. दोन्ही लॅच एकाच क्षणी सुटले पाहिजेत, हा या कामाचा गाभा. एक आधी सुटला की दरवाजा तिरपा होऊन दुसऱ्यावर भार टाकतो. दरवाजा उघडा ठेवून दोन्ही रोटर स्क्रू ड्रायव्हरने बंद केले, दोन टिचक्या ऐकू येईपर्यंत. मग हँडल सावकाश उचललं. मागचा लॅच आधी सुटला. एम५ आट्याचा एक वळसा म्हणजे ०.८ मि.मी. लांबीचा फरक, मागच्या रॉडला दीड वळसा ढिलाई दिल्यावर दोन्हींचा आवाज एक झाला.

सगळ्यात महागात पडेल अशी चूक इथे होऊ शकते : चाचणीसाठी बंद केलेला रोटर तसाच ठेवून दरवाजा आपटणं. बंद रोटर पिनवर आदळतो, लॅच वाकतो. दरवाजा लावण्याआधी दोन्ही रोटर उघडे आहेत ना ते बोटाने चाचपून पाहावं. दरवेळी.

स्ट्रायकरच्या पट्टीला लांबट भोकं आहेत, साधारण ३ मि.मी. आत-बाहेर सरकते. रबर त्याच्या उंचीच्या सुमारे एक तृतीयांश दबलं पाहिजे. तपासायला दरवाजाच्या कडेवर शिंप्याचा खडू फासून दरवाजा लावला, उघडला. रबरावर सलग रेघ उमटायला हवी. मागच्या कोपऱ्यात हातभर रेघ तुटलेली होती, कारण तिथे आता जादा जाडी नव्हती आणि स्ट्रायकर जुन्याच जागी होता. दीड मि.मी. आत घेतल्यावर रेघ सलग झाली. त्याहून आत घेतला की पाणी अजिबात येत नाही, पण अडसरावर पुन्हा ताण. लोक इथेच जास्त घट्ट करतात.

तेलपाण्याबद्दल थोडं. कुलपाच्या सिलिंडरमध्ये फक्त ग्रॅफाइट पूड, तेल नाही. रोटर आणि अडसराच्या पिनला कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे; ग्रीस चोपडलं तर लाल धूळ त्यात बसून घासपेपर तयार होतो. कोकणात कडी-कुलपांना खोबरेल तेल घालायची सवय आहे. घरच्या दाराला ते थोडे दिवस चालतंही, पण २४ अंश सेल्सियसच्या खाली खोबरेल थिजतं, आणि पुढे चिकट होतं. घाट चढून थंडीत मुक्काम केला की लॅच पुन्हा अडेल.

२ ऑक्टोबर

पाण्याची चाचणी. पाइपने वरून दहा मिनिटं, नंतर चाकाच्या दिशेने पाच मिनिटं. डिकी आतून कोरडी. हँडलच्या मागून काही थेंब शिरले आणि निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडले. दसरा असल्यामुळे अवजारं साफ करून पूजेला मांडायचीच होती, त्यात जुना लॅचही ठेवला. गंजलेला अडसर कसा दिसतो ते दाखवायला तो जपून ठेवणार आहे.

१२ ऑक्टोबर

आंबा घाटातून कोल्हापूरपर्यंत जाऊन-येऊन तपासणी. मागच्या स्ट्रायकरचा एक बोल्ट अर्धा वळसा सैल झालेला मिळाला. तिथे नायलॉक नट मावत नाही, म्हणून मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून पुन्हा आवळला. बाकी लॅच, रॉड जागेवर. निचऱ्याच्या पुढच्या भोकात चिखल बसायला लागलाय. गाडी धुताना काडीने टोकरणं आता नेहमीच्या कामांत.

उजव्या बाजूच्या डिकीलाही तशीच बंद पन्हळ आहे. लॅच अजून चालतोय, पण पन्हळीला खालून ८ मि.मी.चं भोक पाडताच कपभर तांबडं पाणी बाहेर आलं. तिचं अस्तर पुढच्या शनिवारी काढायचं आहे, लॅच चालू असतानाच.